चौथा दिवा लागला नव्हता

आमच्या धारवाडकडच्या विद्यानगरच्या गल्लीत कुणालाही विचारा, शिरासागी टीम फ्रान्सच्या शर्यतीत कशी कशी हरली ते घडाघडा सांगेल. दूधवालासुद्धा सांगेल. ते मी शिकवलंय सगळ्यांना. मी मेधा गलगली, प्राथमिक शाळेतली निवृत्त बाई. आवाज माझा असा, की मी पहिलीच्या वर्गात बोलले तर चौथीतली पोरं सरळ बसायची. नवरा, गुरुप्रसाद, तहसील कचेरीतून निवृत्त झालेला आणि तिथेच जीभ विसरून आलेला. घरात बोलायचं काम माझ्याकडे.

लेक एकच, नेत्रा. इथल्याच कॉलेजात इंजिनियर झाली, मग जपानला शिकायला गेली आणि तिकडेच या शर्यतीच्या गाड्यांच्या टीममध्ये नोकरीला लागली. पहिल्यांदा मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अग, मुलींनी शर्यतीच्या गाड्या चालवायच्या? ती म्हणाली, आई, मी चालवत नाही, मी पडद्यासमोर बसते. कानाला यंत्र लावते. गाडी टायर बदलायला आली की सगळं नीट झालं का ते बघते आणि ड्रायव्हरला 'जा' म्हणते. झालं! दुसऱ्या दिवसापासून मी सांगत सुटले, आमची नेत्रा 'जा' म्हणाल्याशिवाय जपानची गाडी हलत नाही.

ही टीम काय आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शिरासागी म्हणजे पांढरा बगळा. फुजी डोंगराच्या पायथ्याशी कुरोसे नावाच्या माणसाचं टॅक्सी दुरुस्तीचं गॅरेज होतं. आठवडाभर टॅक्स्या दुरुस्त करायच्या आणि रविवारी एका जुन्या स्पोर्ट्स कारची मागची सीट उपटून शर्यतीला जायचं, असा त्याचा नाद. तिकडच्या शर्यती तो भराभर जिंकला. पुढे टीम झाली, देशातलं अजिंक्यपदही तीनदा मिळालं. घरच्या मैदानात वाघच. पण फ्रान्समध्ये एक चोवीस तासांची शर्यत असते, तीन ड्रायव्हर आळीपाळीनं दिवसरात्र गाडी पळवतात, ती जिंकायची त्याची इच्छा. आणि तिथे नशीब हे असं फुटकं.

पहिल्या वर्षी गाडी आपल्या गटात सगळ्यांच्या पुढे होती. कुरोसेनं स्वतःच्या हातानं पेट्रोलच्या टाकीचं झाकण लावलं, ते नीट बसलं नाही, पेट्रोल सांडून गेलं आणि गाडी उजाडता उजाडता थांबली. मग एका वर्षी धुकं आणि पाऊस, आणि वायपरचा दांडा मोडला. एका वर्षी गिअरचा दात तुटला. एका वर्षी तर कहरच. अजून एक फेरी शिल्लक असताना ड्रायव्हरला वाटलं हाच शेवटचा, त्यानं हातमोजा काढून लोकांना हात केला, वेग कमी केला आणि मागचा पुढे निघून गेला. मधली काही वर्षं टीम गेलीच नाही. मग मागची सीट उपटलेली गाडी नव्हे, मुद्दाम शर्यतीसाठी बांधलेली गाडी घेऊन परत गेले आणि दोनदा दुसरे आले. पहिले कधीच नाहीत.

आता यांची रीत ऐका. जिंकलेले करंडक त्यांनी कपाटात कोंबलेत, आणि ज्या वस्तूमुळे हरले त्या वस्तू गॅरेजमध्ये फळीवर मांडल्यात. झाकण, वायपर, दात, हातमोजा, सगळं ओळीनं. मी नेत्राला म्हटलं होतं, असले कसले ग हे अवलक्षणी लोक? घरात कुणी फुटका आरसा भिंतीवर लावतं का?

त्यात आणखी एक नियम. त्या पहिल्या वर्षी कुरोसे ते झाकण घेऊन आईकडे गेला. आई लोणचं घालत होती. त्यानं सगळं सांगितलं, माझी चूक, माझ्या हातानं झाली. ती बाई एक शब्द बोलली नाही. रागावली नाही, समजूतही काढली नाही. झाकण हातात घेतलं, कमरेच्या फडक्यानं स्वच्छ पुसलं आणि परत दिलं. तेव्हापासून ज्याची चूक त्यानं ती वस्तू घेऊन आपल्या घरी जायचं, आपल्या माणसांसमोर आपल्या तोंडानं सांगायचं. ऐकणाऱ्यानं बोलायचं नाही, फक्त वस्तू पुसून द्यायची. सोबतीला टीममधला एक माणूस. मग ती वस्तू फळीवर जाते आणि तो माणूस आपल्या जागेवर परत बसतो. त्याआधी नाही.

हे सगळं मी गल्लीत रंगवून रंगवून सांगत असे. हसत असे. आपल्याच दारात ते येईल असं कुणाला वाटतं?

यंदाच्या जूनमध्ये शर्यत होती त्या रविवारी मी अर्धी गल्ली घरी बोलावली. धारवाडहून पेढे मागवले होते. समोरची कौसल्या तिच्या बहिणीला घेऊन आली, पलीकडचा मंजुनाथ बायकोसकट आला. तो कन्नडिग, त्याला मराठी निम्मं कळतं, पण गाड्यांचं पूर्ण कळतं. आमच्या ह्यांनी मोबाइल टीव्हीला जोडला. शेवटचा तास राहिला होता आणि पांढरा बगळा पहिला होता. मी पेढ्यांच्या पुड्याची दोरी सोडून ठेवली. मधूनच पडद्यावर आमची नेत्रा दिसली, कानाला यंत्र लावलेली. मी एवढ्यानं ओरडले की कौसल्येच्या हातातला चहा हिंदकळला.

मग गाडी टायर बदलायला आली. चार माणसं चार चाकांना भिडली. गाडी सुटली. आणि पुढच्याच फेरीत डाव्या बाजूचं मागचं चाक डगमगायला लागलं, लागलं, आणि सुटून गडगडत गेलं. गाडी वाळूत रुतली. संपलं. कॅमेऱ्यानं आधी एक माणूस दाखवला, जमिनीवर बसलेला, हात छातीशी धरलेला. मग नेत्रा दाखवली. तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. टीव्हीवर बोलणारे काय बडबडत होते ते कुणाला कळलं नाही, पण खोलीतले सगळेच्या सगळे माझ्याकडे बघायला लागले. पेढे कुणी खाल्ले नाहीत.

तासाभरात नेत्राचा फोन आला. मी आतल्या खोलीत जाऊन घेतला. ती रडत होती. "आई, माझी चूक. प्रत्येक चाकाचा नट आवळून झाला की माझ्यासमोर हिरवा दिवा लागतो. चार दिवे लागले की मी 'जा' म्हणायचं. तीनच लागले होते. मागचा प्रतिस्पर्धी टायर बदलून बाहेर पडताना दिसला आणि मी घाई केली. चौथा दिवा लागला नव्हता, आई." मी म्हटलं, जाऊ दे ग, होतं असं. आणखी काय म्हटलं ते आठवत नाही. तिनं त्या चाकावरच्या माणसाचं नाव सांगितलं, योसुके, त्याला इस्पितळात नेलंय म्हणाली. नाव तेवढं माझ्या डोक्यात राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुधाच्या दुकानात कौसल्या भेटली. "मेधाताई, वाईट झालं हो," ती म्हणाली. "पोरगी हुशार, पण ऐनवेळी गडबडली म्हणायची." तिच्या मनात काही नव्हतंही कदाचित. पण माझं डोकं फिरलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "नेत्रा कशाला गडबडेल? तो योसुके म्हणून एक आहे, त्यानं नट ढिला ठेवला. पाहिलात ना टीव्हीवर, कसा बसला होता तोंड लपवून!"

एकदा म्हटलं ते म्हटलं. थांबायचं ना? नाही. भिशीत कुणी विचारलं, एवढ्या मोठ्या टीमचा माणूस नट ढिला कसा ठेवेल, तर मी म्हटलं, रात्रभर पीत होता म्हणे. हे 'म्हणे' कुणाचं? माझंच. गणपतीपर्यंत ती गोष्ट माझ्याच तोंडून इतक्यांदा झाली की मलासुद्धा खरी वाटायला लागली. गुरुप्रसाद बाजूला बसून सगळं ऐकायचे आणि वर्तमानपत्र डोळ्यांसमोर जरा वर धरायचे.

आणि नवरात्राच्या तोंडावर नेत्राचा फोन. "आई, नट घेऊन मी घरी येतेय. नियम माहीत आहे ना तुला? सोबत योसुके आहे."

मी लगेच म्हटलं, दुसरं कुणी नाही का सोबतीला? ती म्हणाली, तो स्वतःहून तयार झाला.

आला. उंच, किडकिडीत, चाळिशीचा असावा. दारात बूट काढून ते भिंतीला लावून सरळ ठेवले, आमच्या ह्यांच्या वाकड्या पडलेल्या चपलासुद्धा सरळ केल्या आणि मला कमरेत वाकून नमस्कार केला. नेत्रानं त्याला दोन कन्नड शब्द शिकवले होते, 'हौदु' आणि 'साकु', म्हणजे हो आणि पुरे. मी ताटात होळगी, म्हणजे पुरणपोळी, वाढत राहिले आणि तो 'हौदु, हौदु' म्हणत खात राहिला. डाव्या हाताची दोन बोटं त्याला नीट मिटता येत नव्हती. मी विचारलं नाही. मला विचारायची भीती वाटत होती.

रात्रीची जेवणं झाल्यावर नेत्रानं तो नट काढला. गाडीच्या एका चाकाला एकच असतो, माझ्या पाटलीएवढा मोठा, निळ्या रंगाचा, आतले आटे एका बाजूला खाल्लेले. मी म्हटलं, "सांग बाई आत्ताच. मी आहे, तुझे बाबा आहेत. दार लावून घेते."

"दार कशाला लावायचं?" नेत्रा म्हणाली. "तू सगळी गल्ली बोलावून शर्यत दाखवलीस. मग सांगायचं तेही गल्लीलाच. उद्या खंडेनवमी, पूजेला सगळे येतीलच."

"अग, सणासुदीचं कशाला..."

"आई, हे नीट झालं नाही तर मी परत त्या पडद्यासमोर बसू शकत नाही. ते बसू देणार नाहीत असं नाही. मीच बसू शकत नाही. कुठेही हिरवे दिवे दिसले की मोजत सुटते मी."

तेव्हाच सांगायला हवं होतं. योसुके खुर्चीत बसला होता, त्याला मराठी कळत नव्हतं, सांगायला काहीच अडचण नव्हती. मी उठले आणि म्हणाले, गॅसवर दूध ठेवलंय. दूध नव्हतं ठेवलं.

खंडेनवमीला आमच्या गल्लीत सगळ्यांची आयुधपूजा आमच्या दारासमोर एकत्र होते. पाटावर ज्याची त्याची हत्यारं, माझी शिवणाची कात्री, ह्यांची स्कूटरची किल्ली, कौसल्येची विळी, कुणाची करवत, कुणाचा लॅपटॉप. पुढे गाड्या धुऊन पुसून झेंडूच्या माळा घालून उभ्या. मंजुनाथची नवी कोरी गाडी सगळ्यांत पुढे, चाकांखाली लिंबं ठेवलेली. योसुकेला ते सगळं फार आवडलं. तो मंजुनाथच्या गाडीशी उकिडवा बसला, चाकांवरून हात फिरवला, एका चाकाशी थांबला आणि बोटानं नट चाचपायला लागला.

मंजुनाथ धावतच आला. "ब्याड, ब्याड!" नको, नको म्हणत त्यानं योसुकेचा दंड धरून त्याला उठवलंच. "माझ्या गाडीला हात नको लावू बाबा. लिंबू ठेवलंय तेवढं बस." सगळे हसले. योसुके पण हसला, त्याला वाटलं पूजेआधी गाडीला शिवत नसतील. नेत्राच्या कपाळाला मात्र आठी पडली. मी कोहळ्यात कुंकू भरत होते, खाली मान घालून.

आरती झाली. नेत्रानं निळा नट पाटावर ठेवला, माझ्या कात्रीच्या शेजारी. हात जोडून उभी राहिली आणि कन्नडमध्ये बोलायला लागली, म्हणजे सगळ्यांना कळावं. "जूनमध्ये तुम्ही सगळ्यांनी आमची गाडी हरताना पाहिली. ती माझ्यामुळे हरली. माझ्यासमोर..."

"अग बाई, किती ग गुणाची पोर!" कौसल्या मध्येच म्हणाली. "दुसऱ्याचं पाप आपल्या अंगावर घेतेस? आम्हाला माहीत नाही असं वाटतं का तुला? आईनं सगळं सांगितलंय. नट ढिला यानं ठेवला. या योसुकेनंच ना?" आणि मंजुनाथनं पलीकडून अंगठा तोंडाला लावून बाटलीची खूण केली. पुन्हा हसू उसळलं.

नेत्रा माझ्याकडे वळली. लहानपणी एकदा ती बाजारात हरवली होती, सापडली तेव्हाही तिचं तोंड असं झालं नव्हतं.

योसुकेनं तिला हळूच काहीतरी विचारलं. ती माझ्याकडेच बघत होती. पण तो काही खुळा नव्हता. त्यानं आपलं नाव ऐकलं होतं, कौसल्येचं बोट पाहिलं होतं, बाटलीची खूण पाहिली होती. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काय होतं देव जाणे, पण त्याला सगळं कळलं. तो दोन पावलं पुढे आला, सगळ्या गल्लीसमोर खाली वाकला आणि म्हणाला, "हौदु."

"बघा, कबूल तरी करतो," कौसल्या म्हणाली. "मनाचा वाईट नाही."

 अख्खा जन्म या आवाजावर काढला, पण त्या वेळी मी खाली वाकून चुरमुऱ्यांचं ताट उचललं. मंजुनाथनं कोहळा फोडला, गाड्या लिंबांवरून गेल्या, पोरं ओरडली. मी ताट घेऊन सगळ्यांना चुरमुरे वाटले. योसुकेच्या ओंजळीतसुद्धा घातले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं म्हणतात ना, तसं नुसतं वाटून काही होत नाही. चुरमुरे वाटावेच लागतात.

घरात आल्यावर नेत्रानं एवढंच म्हटलं, "त्या दिवशी नट बसला नाही म्हणून त्यानं हात चाकावरून काढला नव्हता. थांब म्हणत होता तो. मी 'जा' म्हटलं. त्याची दोन बोटं मोडली, आई. आणि तो मला आजपर्यंत एका शब्दानं बोलला नाही." मग ती खोलीत गेली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही, वाढलेलं जेवली नाही.

गुरुप्रसाद माझ्याजवळ येऊन बसले. "मी गप्प बसलो," म्हणाले. "मला माहीत होतं तू खोटं सांगतेयस. मलाही ते बरंच वाटत होतं."

मी म्हटलं, "आता बोलताय होय!" आणि रडायला लागले. चिडले होते की रडत होते कुणास ठाऊक, दोन्ही असेल.

दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्याकडे संध्याकाळी बन्नी वाटतात, म्हणजे शमीची पानं. तुमच्याकडे आपट्याचं सोनं वाटतात तसंच. घरोघर जायचं, पान द्यायचं आणि म्हणायचं, 'बन्नी तगोंडु बंगारदांग इरोण', बन्नी घेऊन सोन्यासारखे राहू या. वर्षाची भांडणं त्या एका पानावर मिटतात. धाकट्यांनी थोरांकडे जायचं असतं. मी गल्लीत वयानं सगळ्यांत मोठी, दरवर्षी मी खुर्चीत बसते आणि सगळे माझ्याकडे येतात. यंदा मी पानांची पिशवी घेतली, पाटावरचा नट उचलला आणि चपला घातल्या.

पहिलं घर मंजुनाथचं. दारातच म्हटलं, "आधी ऐक, मग पान घे. योसुकेनं काही केलेलं नाही. चूक नेत्राची होती, आणि त्याच्यावर घातली ती मी. दारूचंही मीच रचलं. तो थेंब घेत नाही." मंजुनाथ बघतच राहिला. मग त्यानं माझ्या हातातलं पान घेतलं, पायांत चपला अडकवल्या आणि माझ्या अंगावरून तरातरा बाहेर निघून गेला. रागावला असं वाटलं मला. रागावू दे, म्हटलं.

कौसल्येकडे गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे पीत नाही तो?"

"नाही."

"आणि बायको सोडून गेली ते?"

"अग, ते मी नाही हं सांगितलं!"

"मग कुणी?"

"मला काय माहीत! लग्नच झालं नाही त्याचं!"

 तिलाच आठवलं असावं ते कुणाच्या तोंडचं, कारण तिची मान खाली गेली. मग म्हणाली, "मेधाताई, काल तुम्ही तिथेच उभ्या होता. तेव्हा का नाही बोललात?" मी पान तिच्या हातात दिलं आणि पुढच्या दाराला गेले.

घरोघर फिरले. कुणी म्हणालं, जाऊ द्या हो, सगळ्याच आया असं करतात. कुणी म्हणालं, बाई म्हणून आमच्या पोरांना खोटं बोलू नका शिकवायचात ना? एकीनं दारच पुरतं उघडलं नाही. ऐकून गप्प बसणारं, कुरोसेच्या आईसारखं, एकही घर नाही सापडलं. चालायचं. बोलायचा मक्ता काय माझ्या एकटीचा आहे?

परत आले तर आमच्या फाटकासमोर मंजुनाथची गाडी. योसुके पान्हा घेऊन त्याच चाकाशी उकिडवा बसला होता, आणि मंजुनाथ शेजारी, त्याच्या खिशात बन्नीची पानं कोंबलेली. एक नट खरंच ढिला होता. योसुके तो वाकड्या बोटांनी धरून आवळत होता आणि मंजुनाथ दर वेळी 'सारी सर, सारी सर' म्हणत होता. मी योसुकेसमोर उभी राहिले. पान पुढे केलं. म्हणायचं ते वाक्य मला म्हणता येईना. त्यानं पान घेतलं, कपाळाला लावलं आणि म्हणाला, "साकु." पुरे.

नेत्रा पायरीवर बसली होती. मी तिच्या शेजारी टेकले. "सगळीकडे सांगून आले," म्हटलं.

"काय सांगितलंस?"

"की मी खोटं बोलले."

"ते काय केलंस ते झालं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "का केलंस ते मला सांगितलं नाहीस."

तुझ्यासाठी केलं, असं जिभेवर आलं होतं. आई आहे, चाललं असतं. पण हातात तो नट होता.

"तू टीव्हीवर डोकं धरून बसलीस ना," मी म्हटलं, "तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या वेळी मला वाटलं, ही माझी नसती तर बरं झालं असतं. मला तुझी लाज वाटली, नेत्रा. तू फोनवर रडत होतीस आणि मी विचार करत होते, उद्या दुधाच्या दुकानात काय सांगू. तुझं दुःख मी ऐकलंच नाही. नाव तेवढं ऐकलं, कुणावर ढकलायचं त्याचं."

ती रागावेल असं वाटलं. समजूत काढेल असंही वाटलं. तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही. माझ्या हातातून नट घेतला, कालचं कुंकू आट्यांत अडकलं होतं ते ओढणीच्या टोकानं काढलं, आतून बाहेरून पुसला. कितीतरी वेळ पुसत होती. मग तो परत माझ्या हातावर ठेवला.

"आता माझं ऐक," ती म्हणाली.

योसुके पान्हा ठेवून फाटकाच्या आत येऊन उभा राहिला. गुरुप्रसाद दारात आले. नेत्रानं पहिल्यापासून सांगितलं. रात्रभर जागून डोळे कसे चुरचुरत होते, गाडी कशी आत आली, पहिला दिवा, दुसरा, तिसरा. मागची गाडी. 'जा' म्हटल्यावर कानात आलेली योसुकेची किंकाळी. चाक सुटल्यावर म्हातारा कुरोसे तिच्या मागे उभा होता आणि तिला मागे वळून बघता आलं नाही, तेही सांगितलं.  माझ्या तोंडाशी शंभर वाक्यं आली. होतं ग बाळा असं. तू लहान आहेस. पुढच्या वर्षी जिंकाल. गप्प बस म्हणून आयुष्यभर दुसऱ्यांना ओरडले, स्वतःला पहिल्यांदाच म्हटलं.

तिचं सांगून झालं. मी पदराचं टोक घेतलं आणि नट पुसला. पुसायला काही उरलं नव्हतं, तरी पुसला, आणि तिच्या हातात दिला. एक शब्द बोलले नाही.